आधी आवाज, मग तडा

मामा बोलता बोलता मध्येच थांबायचे. उजव्या हाताचं एक बोट वर, मान डाव्या खांद्याकडे कललेली, तोंड अर्धवट उघडं. आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "गप. आयका."

आपण ऐकायचो. खाली खाडीत चढणारं भरतीचं पाणी, माडांतला वारा, आठवीच्या वर्गातली कुजबुज. आपल्याला तेवढंच ऐकू यायचं. मामा मात्र "मागल्या टाकीचो नळ गळता" असं म्हणून निघायचे, आणि इमारतीला वळसा घालून मागे जाऊन पाहावं तर नळाखालच्या चिऱ्यावर खरोखर एकेक थेंब पडत असायचा.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. कुणाला नुसत्या वासावरून आमटीत मीठ पडलंय की नाही ते कळतं, कुणाला चालीवरून माणसाचा स्वभाव. आपण त्यांना हसतो आणि अडचण आली की त्यांनाच हाक मारतो. मामांच्या बाबतीत त्या गावाचं हेच चाललं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मालवण आणि देवगड यांच्या मधल्या एका गावी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला गेले. मी कणकवलीची, वय तेवीस, नोकरी हंगामी. मामा त्या शाळेचे शिपाई. त्यांचं नाव मस्टरवर होतं, पण मुलांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. पन्नाशी गाठलेले, काटक, हातांची बोटं गाठाळ. शाळेत येण्याआधी अठरा वर्षं ते मालवाहू बोटीवर सुतार होते. चांगली चाललेली नोकरी सोडून एकाएकी गावी का आले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "पाण्याचो कंटाळो इलो." समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस असं म्हणाला, की विचारणाऱ्याने पुढे काय विचारावं?

बाजाराच्या दिवशी बायका त्यांना मडकी बघायला घेऊन जात. मामा उकिडवे बसून एकेका मडक्यावर बोटाच्या पेराने टकटक करत. "ह्याच्या पोटात दुखता. ता पलीकडचा घे." मडकी विकणारी म्हातारी आधी त्यांच्यावर भडकायची. पुढे पुढे तीच बाजार भरायच्या आधी त्यांना बोलवायला लागली. बरी मडकी पुढे मांडायची, दुखरी मागे ठेवायची, आणि मागची मडकी कुणी मागितलीच तर "झाडा लावूक घे" म्हणून सांगायची.

एकदा स्टाफरूममध्ये चहा देताना त्यांनी माझ्या हातातला कप तसाच काढून घेतला. "बाईनू, दुसरो देतंय." कपाला कुठेही काही दिसत नव्हतं. त्यांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि त्यात नुसतं उकळतं पाणी ओतलं. कान निघाला आणि कप दोन फाकांत बाजूला झाला. मामांना त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. फाका गोळा करत ते म्हणाले, "बशीर ठेवताना वायच घोगरो वाजलो."

माझं आणि मामांचं खरं नातं जुळलं ते एका शब्दामुळे.

नववीच्या धड्यात वादळात सापडलेल्या एका गलबताची गोष्ट होती. डोलकाठी मोडते, खलाशांना 'क्रॅक' ऐकू येतो. मी फळ्यावर शब्द लिहिला आणि पुढे अर्थ लिहिला: तडा, भेग. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, तडा दिसतो ना? तो ऐकू कसा येईल?"

मी म्हटलं, "म्हणजे... तडा गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं."

मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, इंग्रजीच्या कॅसेटीत एक माणूस म्हणतो, 'ही क्रॅक्ड अ जोक'. म्हणजे त्यानं विनोदाला भेग पाडली?"

"आणि आमच्या वाडीतल्या एकाला सगळे क्रॅक म्हणतात!" तिसरा ओरडला.

वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले. मी शब्दकोश उघडला. त्यात त्या एका शब्दाखाली अर्थांची लांबलचक रांग होती, आणि एका अर्थाचा दुसऱ्याशी संबंध काय ते मला कळेना. मी "उद्या सांगते" म्हणून पुस्तक मिटलं. दारात मामा सूचनेची वही घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. वही पुढे केली, सही झाली, तरी हलेनात.

"बाईनू, रागावू नकात. तो शब्द माका ठावक आसा."

"कुठला?"

"क्रॅक. बोटीर ह्या एका शब्दार आमची भाकरी होती."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्गात बोलावलं. ते आले, पण फळ्याजवळ येईनात, दाराशीच उभे राहिले. हातात पिशवी. त्यातून त्यांनी माडाच्या झावळीचा वाळका दांडा काढला आणि मुलांकडे पाठ केली. "कोणी बघू नकात. आयका." दांडा मोडला. कोरडा, नेमका आवाज आला.

"काय आयकलास?"

"क्रॅक!" सगळा वर्ग एका सुरात.

मग ते वळले आणि मोडलेला दांडा दाखवला. "आता ही फट बघा. आधी आवाज इलो, मगे फट दिसली. इंग्लिशीत दोघांक एकच नाव. आवाजाक पण क्रॅक, फटीक पण क्रॅक. कित्याक? कारण ती दोन नाय, एकच गोष्ट. एक कानाची, एक डोळ्याची."

मुलं मोडलेल्या दांड्याकडे वाकून बघत होती. मीही. आदल्या दिवशी फळ्यावर मी 'तडा' लिहिलं तेव्हा त्यातलं 'तड्' मला ऐकू आलं नव्हतं. आपल्या भाषेनेही तो शब्द आधी कानाने ऐकला होता, मग डोळ्यांनी पाहिला होता. पदवीपर्यंत भाषा शिकून मला जे दिसलं नाही ते मामांनी एका वाळक्या दांड्यावर दाखवलं.

मग त्यांनी पिशवीतून दोरखंडाचा तुकडा काढून हवेत फटकारला. तोही क्रॅक. दार बोटभर उघडं ठेवलं. "ह्येका म्हणतत दार क्रॅक उघडा." विनोदाचं विचारल्यावर स्वतःच हसले. "जोक कसो असता? काजीच्या बियेसारखो. सांगणारो कवच फोडता आनी गर सगळ्यांक वाटता." आवाज फुटायला लागलेल्या एका मुलाला त्यांनी नाव विचारलं. तो बोलला तसा घोगरा सूर मध्येच चिरकला, आणि मामा म्हणाले, "हो पण क्रॅक. लाजा नको. आतलो पोरगो मोडता तेव्हा पुरुष भायर येता." पहाटेला साहेब लोक 'क्रॅक ऑफ डॉन' म्हणतात, हे सांगताना त्यांनी पुस्ती जोडली, "आपण पण म्हणतांव मां, फटफटला? त्यातली फट ती हीच."

"आणि मामा, वेड्या माणसाला का म्हणतात?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"तेच्यात खंय तरी फट असता म्हणान." मामांनी मोडका दांडा कानाशी धरला. "पण एक सांगतंय. फटीतसूनच भायरचा आयकाक येता."

शेवटी एका मुलीने विचारलं, की बोटीवर भाकरी या शब्दावर कशी? तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "लाकूड दोन तरांनी वाजता. एक क्रीक, एक क्रॅक. लाटेर बोट हलता तेव्हा सगळी लाकडा क्रीक करतत. क्रीक म्हणजे लाकूड बोलता. बोलांदे, भियाचा नाय. क्रॅक म्हणजे लाकूड सांगता, मी चललंय. ता आयकलास तर थय उभा रवचा नाय."

दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. वेंगुर्ल्याचे, शिस्तीचे, पण मनाने कोते नव्हेत. ही शाळा त्यांनी दहा मुलांवर सुरू केली होती. "बाई, मुलांना समजलं हे चांगलंच. पण शिपायाने वर्ग घेणं बरं दिसत नाही. पुन्हा नको." मी मान हलवली. नोकरी हंगामी होती.

त्यानंतर ऑगस्टमधली गोष्ट. चार दिवस एकसारखा पाऊस लागला होता आणि त्या दिवशी अचानक कडकडीत ऊन पडलं. कौलांतून वाफ निघत होती. नववीवर माझा तास चालू होता. मामा दारातून जाता जाता थांबले. बोट वर, मान कललेली.

"गप. आयका."

वर्ग गप्प झाला. मला काहीही ऐकू आलं नाही.

"बाईनू," ते अगदी शांतपणे म्हणाले, "पोरांक भायर काढा."

"काय झालं?"

त्यांनी वर बोट केलं. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली जाड तुळई होती. तिच्यावरच त्या वर्गाच्या सगळ्या छपराचा भार. "क्रॅक," ते म्हणाले.

मी मुलांना बाहेर काढलं. हेडमास्तर आले, वर पाहिलं, बाकावर चढून पाहिलं. तुळई काळीभोर, गुळगुळीत, कुठे केसाएवढी भेग नाही. मामांनी जळमटं काढायचा बांबू आणला, त्याचं एक टोक तुळईला टेकवलं, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभे राहिले. मुलं दाराबाहेरून फिदीफिदी हसायला लागली.

"हा तमाशा पुरे," हेडमास्तर म्हणाले.

तरीही त्यांनी नववीला तात्पुरतं दुसऱ्या वर्गात बसवून तालुक्याला कळवलं. दोन दिवसांनी बांधकाम खात्याचे एक ओव्हरसियर आले. टॉर्च मारला, काठीने ठोकलं, "एवढं जुनं लाकूड आता कुठे मिळतं? काही होत नाही हिला," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

हेडमास्तरांची अडचण मला नंतर कळली. इमारत धोक्याची आहे असं एकदा कागदावर गेलं असतं, तर शाळा खाडीपलीकडच्या गावात हलवायला टपलेले लोक होते. होडीतून पावसाळ्यात कोण मुली पाठवणार? निम्म्या मुलींचं शिक्षण तिथेच संपलं असतं. त्यामुळे 'काही होत नाही' हे त्यांनी मनापासून ऐकलं, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नववीची मुलं वर्गात जायला निघाली तेव्हा मामा दारात दोन्ही हात पसरून उभे होते.

"मामा, बाजूला व्हा," हेडमास्तर म्हणाले.

"सर, तुमी डोळ्यान बघलास. मी कानान आयकलंय. फट मगे दिसतली."

"तज्ज्ञ माणूस सांगून गेलाय."

"माका क्रॅक म्हणा, काय पण म्हणा. पोरां ह्या दारातसून आत जावची नाय."

वीस वर्षांत शाळेत असं कुणी बोललं नव्हतं. हेडमास्तर लालबुंद झाले. ऑफिसात जाऊन त्यांनी मेमो लिहिला आणि सर्वांसमोर मामांच्या हातात ठेवला. मामांनी सही केली, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि हात पुन्हा पसरले. हेडमास्तर माझ्याकडे वळले. "बाई, वर्ग तुमचा आहे. मुलांना आत न्या."

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी आत नेलं. मान खाली घालून मामांच्या पसरलेल्या हाताखालून वाकून गेले आणि माझ्यामागून मुलं. माझ्या कायम होण्याच्या कागदावर हेडमास्तरांची सही व्हायची होती. तेवढंच कारण. त्याला दुसरं मोठं नाव देण्यात अर्थ नाही.

मामा हात खाली करून आमच्या मागोमाग आत आले.  तुळईच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून, दिवसभर उभे राहिले. मी व्याकरण शिकवत होते आणि एकही वाक्य मला ऐकू येत नव्हतं. मुलं पुस्तकात पाहत नव्हती, मामांच्या तोंडाकडे पाहत होती.

शाळा सुटल्यावर मी त्यांना पायरीवर गाठलं. "मामा, तुम्ही खाली का उभे राहिलात? तुम्हाला तर खात्री आहे."

त्यांनी तोंड खाडीकडे वळवलं. मग बोलले ते माझ्याशी असं वाटलंच नाही.

"बोटीच्या पोटात माल ठेवतत ता भोक मोठा असता, ह्या वर्गाएवढा. तेच्यार फळ्यांचा झाकण. ती बघूचा काम माझा. एक दिवस सकाळी पायाखाली आयकलंय. क्रॅक. मेटाक, म्हणजे आमच्या वरच्या सायबाक, जावन सांगलंय. मेट इलो, बघल्यान, नखान खरवडल्यान. म्हणालो, आय सी नो क्रॅक. माका इंग्लिश येत होता, बाईनू. पण सायबाक 'नो' म्हणूक जीभ उचलूक नाय. गप रवलंय."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"दुपारी माझो जोडीदार तेच्यार चढलो. माझ्याच वाडीतलो. आमी दोघे एकाच दिवसाक बोटीर चढलेलांव. तो खाली गेलो तेव्हा आधी आवाज इलो. तोच." ते उठले, खाकी पँटवरची धूळ झटकली. "तेच्या म्हाताऱ्या आवशीक सांगूक मी गावाक इलंय. परत गेलंय नाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगते. सकाळी शाळेत गेल्यावर मी मुलांना वर्गाबाहेरच थांबवलं, रांगेत उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या देवळाच्या सभामंडपात नेऊन बसवलं. मग ऑफिसात जाऊन हेडमास्तरांना सांगितलं, "सर, मला भीती वाटते. मी तिथं शिकवू शकत नाही. जे व्हायचं ते होऊ दे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर सोपं झालं असतं. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. "मग तिथं मी बसतो."

आणि ते बसले. रिकाम्या नववीच्या वर्गात त्यांनी आपलं टेबल-खुर्ची नेली आणि ऑफिसचं काम तिथून सुरू केलं. सगळ्या गावाला दिसावं म्हणून खिडक्या सताड उघड्या. हट्ट होता, पण भित्र्या माणसाचा नव्हता. दुसऱ्याच्या मुलांना बसवीन तिथे मी आधी बसेन, असा होता. मामा रोज आपली कामं उरकून त्या दाराच्या चौकटीत येऊन बसत. आत हेडमास्तर, चौकटीत मामा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. येणारे-जाणारे हसत. "एक क्रॅक दारात, एक क्रॅक आत," असं एकजण माझ्यासमोरच म्हणाला. असे दहाएक दिवस गेले.

त्या दिवशी पुन्हा ऊन होतं. सभामंडपात मी कविता वाचून घेत होते. एक मुलगी वाचत होती, ती श्वास घ्यायला थांबली, आणि त्या मधल्या जागेत मला ते ऐकू आलं. रस्त्यापलीकडून. मोठा आवाज नव्हता. वाळकी काटकी मोडावी तेवढाच, कोरडा. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांच्या आधाराशिवाय तो शब्द ऐकला.

पुढचं मी धावत पायऱ्या उतरताना पाहिलं. मामा चौकटीतून आत झेपावले होते. हेडमास्तर खुर्चीतून अर्धवट उठले होते, हातात पेन तसंच. मामांनी त्यांना दंडाला धरलं आणि पोतं ओढावं तसं दाराकडे ओढलं. हेडमास्तर व्हरांड्यात उपडे पडले. मामांचं अर्धं अंग दाराबाहेर आलं होतं, अर्धं आत होतं, तेव्हा तुळई खाली आली. तिच्यामागून वासे, मग कौलं. सगळ्या कौलांचा आवाज एकदमच झाला, आणि लाल धुरळ्यात वर्ग दिसेनासा झाला.

मुलं किंचाळत होती. मी काय करत होते ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धुरळ्यातून हेडमास्तर गुडघ्यांवर रांगत परत दाराकडे गेले आणि दोन्ही हातांनी कौलं बाजूला फेकायला लागले. "मामा! मामा!" त्यांचा आवाज चिरकत होता.

"हय आसंय," आतून आलं. "खांदो मोडलो. ओरडू नकात, सर. पोरां भियतत."

त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, पाठीवर वासा पडला होता. बैलगाडीत पेंढा घालून त्यांना रस्त्यापर्यंत नेलं, तिथून एका ट्रकने मालवणला. गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हेडमास्तर बसले होते. पायात एकच बूट.

संध्याकाळी मी मोडलेल्या वर्गापाशी गेले. तुळईचं मधलं लाकूड ओव्हरसियर म्हणाले होते तसंच होतं, दगडासारखं. पण भिंतीत गेलेलं टोक, जे कुणाच्याच डोळ्यांना दिसणार नव्हतं, ते आतून पोकळ होतं. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. मुठीत ओला भुसा आला. नववीत एकेचाळीस मुलं होती. मी तिथेच कौलांच्या ढिगावर बसले आणि पहिल्यांदा रडले.

शाळा हलली नाही. गाव पेटून उठलं. कुणी चिरे दिले, कुणी लाकूड, गवंडी आणि सुतार आपापले दिवस देऊन गेले. हेडमास्तरांनी तालुक्याला लिहिलेल्या पत्रात सगळा दोष स्वतःकडे घेतला. 'मामांचं मत मी मानलं नाही,' असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. ते पत्र मी पाहिलंय.

महिन्याभराने मामा आले, हात गळ्यात. हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मीही होते. हेडमास्तरांनी फाईल काढली, त्यातली मेमोची प्रत काढली, आणि ती फाडायला दोन्ही हातांत धरली.

"फाडू नकात, सर," मामा म्हणाले. "ऱ्हवांदे."

"अहो, यात तुमच्याविरुद्ध लिहिलंय."

"काय लिवलासा?"

हेडमास्तरांनी चष्मा लावला. वाचताना त्यांना जड गेलं. "मुलांना वर्गात जाण्यास अडथळा केला."

"मगे? खरा आसा मां ता?" मामा म्हणाले. "बोटीर चवकशी झाली. इचारल्यानी, कोणी आधी सांगललां काय? मेट म्हणालो, नाय. माझ्याकडे कागद नाय होतो. हो कागद आसा. मी बोललंय, ता तेच्यार लिवलासा. ऱ्हवांदे."

हेडमास्तरांनी कागद टेबलावर ठेवला, तळहाताने सपाट केला आणि फाईलला लावला. मग उठून उभे राहिले. "मामा, बसा," म्हणाले. मामा काही बसले नाहीत. पण हेडमास्तरही त्यानंतर बसले नाहीत. ऑफिसात आम्ही तिघं तसेच उभे होतो. 

पुढे दोन वर्षांनी मी कणकवलीला आले. मामा निवृत्त होऊन आपल्या वाडीत राहायला गेले. ते गेल्याची बातमी मला खूप उशिरा, बस स्टँडवर भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. तो आता वेंगुर्ल्यात शिक्षक आहे.  त्याची गाडी लागली, तो गेला.

मामांची आठवण आली, की मला तो दिवस दिसतो. दिवाळीची सुट्टी संपून दुरुस्त केलेल्या वर्गात नववी पुन्हा बसली तो. मुलांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालेलं. बाक ओढण्याचा आवाज, आरडाओरडा, गाणी. शाळा सुटली तरी धिंगाणा थांबेना. मी बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर मामा झोपले होते. भिंतीला डोकं टेकलेलं, बरा असलेला हात मांडीवर उताणा. त्यांच्या कानाशीच मुलं ओरडत, धक्काबुक्की करत पायऱ्या उतरत होती. मामांची पापणी हलली नाही.

मी वह्या घेऊन शेजारच्या पायरीवर बसले. ऊन उतरलं. अंगण मोकळं झालं.

केव्हातरी ते दचकून जागे झाले. "बाईनू, किती वाजले?"

"साडेपाच."

"पोरां गेली?"

"गेली."

"सगळी?"

"सगळी, मामा."

मामांनी अंगणावरून एकदा नजर फिरवली. मग उठले आणि एका हाताने वर्गाच्या खिडक्या लावायला लागले.